‘आम्ही’ की ‘आपण’? : रेडिओ समालोचक लॅरी मन्सन यांच्या कारकिर्दीची समीक्षा



कवितेची समीक्षा होते, नाटकाची होते, गाण्याच्या मैफलीची होते. खेळाच्या समालोचनाची मात्र फारशी होत नाही. एक माणूस चाळीस-चाळीस वर्षं माइकसमोर बसून लोकांना न दिसणारा खेळ दाखवत राहतो आणि त्याच्याबद्दल बोलताना ‘काय आवाज होता!’ एवढं म्हणून आपण थांबतो. आज आम्ही अशाच एका माणसाचं काम तपासणार आहोत. आवाज होताच, पण त्या आवाजाने नेमकं काय केलं, आणि काय करायचं राहून गेलं, हे बघायचं आहे.

त्यांचं नाव लॅरी मन्सन. अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे ते रेडिओ समालोचक होते. सुरुवात १९६६ साली, निवृत्ती २००८ साली. आता इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. शंभर यार्डांचं मैदान, दोन्हीकडे अकरा-अकरा खेळाडू. चेंडू ज्याच्याकडे आहे त्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकले तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्यांकडे. आजच्यापुरते एवढे नियम पुरेत.

कॉलेजच्या खेळासाठी एवढा गाजावाजा कशाला, असं वाटेल. तर या संघाचं घरचं मैदान अथेन्स या गावी आहे, आणि तिथे नव्वद हजारांहून जास्त प्रेक्षक बसतात. शनिवारी सामना असला की राज्यातली गावंच्या गावं रेडिओला चिकटलेली असायची. विद्यापीठाचं तोंडही न पाहिलेली माणसं त्या संघाला ‘आमचा’ म्हणायची. आजचा मुद्दा या ‘आमचा’ शब्दापाशीच आहे.

मन्सन स्वतः जॉर्जियाचे नव्हते. जन्म १९२२ चा, पार उत्तरेकडच्या मिनियापोलिसमधला. दुसऱ्या महायुद्धात ते लष्कराच्या वैद्यकीय सेवेत होते. लष्करातून सुटताना जे पैसे हातात आले, त्यांतून त्यांनी रेडिओ निवेदन शिकवणाऱ्या शाळेत नाव घातलं. मग छोट्या गावांतल्या नोकऱ्या. नॉर्थ डकोटातलं डेव्हिल्स लेक, वायोमिंगमधलं शायन. शायनला कर्ट गाउडी यांची आणि त्यांची मैत्री झाली; हे गाउडी पुढे देशभर गाजलेले समालोचक झाले. १९४७ मध्ये मन्सन टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलला आले आणि तिथे बेसबॉल, बास्केटबॉल, फुटबॉल असं सगळं केलं. टीव्हीवर मासेमारी आणि शिकारीचा कार्यक्रमही बरीच वर्षं चालवला. १९६६ मध्ये जॉर्जियाची जागा रिकामी झाली आणि ती त्यांना मिळाली.

म्हणजे हा माणूस चव्वेचाळिसाव्या वर्षी, बाहेरून आलेला. आधीचे समालोचक एड थिलेनियस लोकांच्या कानात बसलेले. शिवाय मन्सन सुरुवातीची वर्षं राहायचे नॅशव्हिललाच, सामन्यापुरते यायचे. लोकांनी त्यांना लगेच आपलं म्हटलं नाही. १९७३ मध्ये नॉक्सव्हिलला जॉर्जियाने टेनेसीला ३५–३१ असं हरवलं, तेव्हा मन्सन माइकवर ज्या आश्चर्याने ओरडले, तिथून चित्र पालटलं असं मानलं जातं. या सगळ्याचा अर्थ एवढाच की, मन्सन यांना हा ‘आमचा’ जन्माने मिळाला नव्हता. तो त्यांनी माइकवर बसून कमावला.

आता आरोपाकडे येऊ. अमेरिकेत घरच्या संघाची बाजू घेणाऱ्या समालोचकाला ‘होमर’ म्हणतात. शब्द हेटाळणीचा आहे. आपल्याकडे आपण ‘भाट’ म्हणू. मन्सन सरळ ‘वुई’ म्हणायचे. आम्हाला पाच यार्ड हवेत, आमच्याकडे वेळ नाही, आम्ही चेंडू घालवला. समालोचकाने तटस्थ असावं या नियमाने पाहिलं तर हा माणूस पहिल्याच वाक्याला नापास.

पण ज्या परिस्थितीत हे समालोचन ऐकलं जायचं ती आधी समजून घेऊ. त्या काळी कॉलेज फुटबॉलचे सामने टीव्हीवर किती दाखवायचे, हे एनसीएए ही देशपातळीवरची महाविद्यालयीन क्रीडा संघटना ठरवायची. प्रेक्षक घरी बसून बघायला लागले तर मैदानं ओस पडतील, ही भीती. १९८२ ते ८५ या काळासाठीच्या योजनेत कोणताही संघ दोन वर्षांत जास्तीत जास्त सहा वेळा टीव्हीवर दिसू शकत होता. बाकीचे सामने मैदानात जाऊन बघा, नाही तर रेडिओवर ऐका. या बंधनाविरुद्ध दोन विद्यापीठांची बाजू न्यायालयात गेली. एक ओक्लाहोमा, आणि दुसरं आपलं जॉर्जिया. २७ जून १९८४ ला सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन अशा मतांनी एनसीएएच्या विरोधात निकाल दिला आणि टीव्हीचं दार उघडलं.

म्हणजे मन्सन यांच्या पहिल्या अठरा वर्षांत बहुतेक शनिवारी जॉर्जियाच्या श्रोत्याकडे दुसरा डोळाच नव्हता. गंमत पुढे आहे. टीव्ही आल्यावर लोकांनी मन्सन यांना सोडायला हवं होतं. त्याऐवजी अनेक घरांत टीव्हीचा आवाज बंद करून शेजारी रेडिओ लावायची पद्धत पडली. चित्र टीव्हीचं, शब्द मन्सन यांचे. नुसती माहिती हवी असती तर हे कुणी केलं नसतं. मग लोकांना काय हवं होतं?

आमचं उत्तर असं : लोकांना मन्सन यांची भीती हवी होती.

भाट काय करतो? आपल्या राजाला मोठं करतो, समोरच्याला लहान. मन्सन उलट करायचे. त्यांच्या समालोचनात समोरचा संघ नेहमी धिप्पाड. त्यांचे खेळाडू वजनदार, वाराही त्यांच्या बाजूने, घड्याळसुद्धा त्यांचंच. आपली पोरं लहान, दमलेली, आणि आता काही खरं नाही. त्या काळचे प्रशिक्षक विन्स डूली हेसुद्धा सामन्याआधी प्रतिस्पर्ध्याची भरपूर स्तुती करण्यासाठी प्रसिद्ध होते. पण ती प्रशिक्षकाची मुत्सद्देगिरी. मन्सन यांच्या आवाजात मुत्सद्देगिरी नव्हती. बचाव फळीने एवढा एकच प्रयत्न रोखून धरावा म्हणून ते अक्षरशः विनवायचे. पाय रोवा, दबून उभे राहा, अशा अर्थाचा ‘हंकर डाउन’ हा शब्द त्या राज्यात त्यांच्याच नावावर जमा आहे.

यातून समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निघते. पक्षपात दोन प्रकारचा असतो. एक, निकालाबद्दलचा : आमचे जिंकणारच. दुसरा, काळजीचा : आमच्यांचं काय होणार. पहिला श्रोत्याला फसवतो, कारण त्यात वाईट बातमीला जागा नसते. दुसरा वाईट बातमी सगळ्यांत आधी सांगतो. मन्सन यांना ऐकणाऱ्याला आपल्या संघाची खरी स्थिती कळायची, उलट थोडी जास्तच वाईट कळायची. म्हणून ते बाजू घेत असूनही त्यांच्यावर विश्वास बसायचा.

उदाहरण घेऊ. ८ नोव्हेंबर १९८०, जॅक्सनव्हिल, समोर फ्लोरिडा. जॉर्जिया तोवर अपराजित. शेवटचं दीड-एक मिनिट उरलेलं, जॉर्जिया २०–२१ अशी मागे, चेंडू स्वतःच्याच गोलरेषेजवळ अडकलेला. तिसरा प्रयत्न, हवेत अकरा यार्ड. बक बेल्यू हा क्वार्टरबॅक पळत पळत चेंडू फेकतो, लिंडसे स्कॉट तो मधेच झेलतो आणि सुटतो. एकूण ९३ यार्ड. सामना २६–२१. त्याच हंगामात जॉर्जियाने शुगर बोल सामन्यात नोत्र दामला १७–१० हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं.

हे ध्वनिमुद्रण इंटरनेटवर सहज सापडतं, जरूर ऐका. पहिली गोष्ट लक्षात येते ती अशी की, चेंडू फेकला जाईपर्यंत मन्सन अगदी शिस्तीत आहेत. बचाव फळी कशी उभी आहे, धावून येईल की नाही, तिसरा प्रयत्न, बेल्यू अडचणीत. छोटी, कोरडी वाक्यं. मग स्कॉट सुटतो आणि उरतात फक्त आकडे आणि नाव. मैदानावरच्या खुणा आपल्या टोकापासून पन्नासपर्यंत चढत जातात आणि तिथून समोरच्या टोकाकडे उतरत जातात. त्यामुळे ३५, ४०, ४५, ५०, आणि मग ४५, ४०. आकडे उतरायला लागले की ऐकणाऱ्याला कळतं, पोरगा अर्धं मैदान पार करून गेला. मध्येच ते ‘पळ लिंडसे’ म्हणतात. हे श्रोत्याला उद्देशून नाही, थेट खेळाडूला आहे. त्या क्षणी ते समालोचक राहिलेले नाहीत.

तिथेच तटस्थ समीक्षक त्यांना पकडेल. वाट कुणी मोकळी करून दिली? फ्लोरिडाचा कोण चुकला? धावेच्या त्या सेकंदांत हे काही कळत नाही. त्याऐवजी नंतर काय कळतं, तर समालोचन कक्षातली पोलादी खुर्ची त्यांनी मोडली, आणि आज रात्री किनाऱ्यावरच्या बेटांवर चाहते बरीच मोडतोड करणार आहेत. खेळाचं विश्लेषण म्हणून हे कच्चंच आहे, ते मान्य करायला हवं.

पण त्याच ओघात ते एक वाक्य बोलून जातात, आणि आमच्या मते त्यांच्या सगळ्या कारकिर्दीची किल्ली त्यात आहे. मराठीत त्याचा अर्थ साधारण असा : मी आशा सोडली होती, तुम्हीही सोडली होती, आपण संपलो होतो.

इथे मराठी कामाला येते. इंग्रजीत ‘वुई’ एकच आहे. मराठीत दोन आहेत. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो. आम्ही इथे व्याख्यानात ‘आम्ही म्हणतो’ असं म्हणतोय, त्यात तुम्ही नाही आहात, तुम्ही असहमत व्हायला मोकळे आहात. ‘आपण’ म्हटलं की ऐकणारा आत आला. होमर समालोचकाचा ‘वुई’ बहुतेक वेळा ‘आम्ही’ असतो : आम्ही म्हणजे संघ, विद्यापीठ, माइकवाला, आणि तुम्ही टाळ्या वाजवा. मन्सन यांचा ‘वुई’ हा ‘आपण’ होता. मी अधिक तुम्ही. आणि या बेरजेत त्यांनी अभिमान धरला नाही, हताशपणा धरला. तुमच्या मनात आत्ता जे चाललंय तेच माझ्या मनात, हे ऐकणाऱ्याला माणसाने सांगावं लागतं. टीव्हीच्या कॅमेऱ्याला ते जमत नाही.

तुलनेसाठी दुसरं टोक बघू. कॉवूड लेडफर्ड, केंटकी राज्याचे, १९५३ ते १९९२ केंटकी विद्यापीठाचा आवाज. यांचीही लोकप्रियता तेवढीच. पण पद्धत अगदी वेगळी. संघ रेडिओच्या डायलवर डावीकडून उजवीकडे जातोय, असं आधीच सांगून ते श्रोत्याच्या मनात मैदान आखून द्यायचे. आपला संघ वाईट खेळला तर तसं स्पष्ट सांगायचे. केंटकीसाठी त्यांनी केलेला शेवटचा सामना म्हणजे मार्च १९९२ मधला ड्यूकविरुद्धचा बास्केटबॉल सामना. जादा वेळेत, शेवटच्या क्षणी ख्रिश्चन लेटनरच्या फेकीवर केंटकी १०३–१०४ हरली. सामना संपल्यावर ड्यूकचे प्रशिक्षक माइक शेशेफ्स्की स्वतः लेडफर्ड यांच्या माइकपाशी आले, त्यांचा गौरव केला. जिंकलेला प्रतिस्पर्धी हरलेल्या संघाच्या समालोचकाकडे येतो, ही तटस्थपणाची कमाई. मन्सन यांना टेनेसीच्या किंवा फ्लोरिडाच्या माणसांकडून असा मान मिळणं अवघड होतं, आणि त्यांनी तो मागितलाही नाही.

आपल्याकडे बाळ ज. पंडित यांचं मराठी क्रिकेट समालोचन ज्यांनी ऐकलं असेल, त्यांना लेडफर्ड यांची जातकुळी लगेच ओळखू येईल. आकाशवाणीच्या माइकवर बसलेला माणूस सगळ्या श्रोत्यांचा असतो. खेळ नीट दिसावा, शब्द मराठी आणि नेमका असावा, ही तिथली शिस्त. मन्सन यांचा माइक मुळातच एका विद्यापीठाच्या प्रसारणाचा होता. दोघांना एकाच फूटपट्टीने मोजणं बरोबर नाही. पण तुलनेमुळे एक प्रश्न टोकदार होतो : ‘आपण’ म्हणणाऱ्या माणसाने आत कुणाकुणाला घेतलं, आणि बाहेर कोण राहिलं?

मन्सन १९६६ मध्ये आले तेव्हा या संघात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. विद्यापीठाने पहिल्या दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश दिला तो १९६१ मध्ये, न्यायालयाच्या आदेशानंतर. शार्लेन हंटर आणि हॅमिल्टन होम्स. यातला होम्स शाळेत फुटबॉल खेळलेला होता, पण विद्यापीठाच्या संघाचं दार त्याला उघडलं नाही. त्या काळात अटलांटातल्या कृष्णवर्णीय घरात रेडिओवर ‘वुई’ ऐकू आलं, तर ते मराठीत कसं भाषांतरित करायचं? तिथे ते ‘आम्ही’च होतं.

१९७१ मध्ये पाच कृष्णवर्णीय खेळाडूंना शिष्यवृत्ती मिळाली. त्यांतला एक रिचर्ड ॲपलबी. १९७५ मध्ये फ्लोरिडाविरुद्ध त्याने फसवी चाल करून लांब चेंडू फेकला, तो जीन वॉशिंग्टनने झेलला आणि जॉर्जिया १०–७ जिंकली. फेकणारा आणि झेलणारा दोघेही कृष्णवर्णीय, आणि वर्णन मन्सन यांचं. १९८० मध्ये हर्शेल वॉकर आला. टेनेसीविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात तो बचावपटूंना तुडवत गेला आणि ‘अरे देवा, पहिल्या वर्षाचा पोरगा!’ अशा अर्थाचं मन्सन जे ओरडले, ते अजून लोकांना पाठ आहे. दोन महिन्यांनी लिंडसे स्कॉट. म्हणजे १९६६ चा ‘आम्ही’ १९८० पर्यंत बराचसा ‘आपण’ झाला होता. हे मन्सन यांनी घडवलं असं आम्ही म्हणणार नाही. ते घडवलं न्यायालयाने, चळवळीने आणि त्या खेळाडूंनी. पण घरोघरी ते ऐकू आलं मन्सन यांच्या तोंडून, आणि त्या पोरांची नावं ओरडताना त्या आवाजाने हात आखडता घेतला नाही. ही जमेची बाजू.

खर्चाची बाजूही मांडायला हवी. १९८१ च्या हिवाळ्यात, शुगर बोल सामन्याआधी, अभ्यासक्रमात नापास होत असलेल्या नऊ फुटबॉल खेळाडूंना विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांनी पुढच्या वर्गात ढकललं. जॅन केंप या प्राध्यापिकेने त्याला विरोध केला. पुढे त्यांची नोकरी गेली. त्यांनी दावा लावला आणि १९८६ मध्ये ज्यूरीने त्यांना २५ लाख डॉलरांहून जास्त भरपाई मंजूर केली. ती रक्कम नंतर कमी झाली, पण त्या नोकरीवर परतल्या, आणि विद्यापीठाच्या अध्यक्षांना पद सोडावं लागलं.

आता विचार करा. ज्या वर्षांबद्दल आपण आत्तापर्यंत बोललो, ज्या वर्षांत ते सगळे अजरामर शनिवार घडले, त्याच वर्षांतली ही गोष्ट आहे. धावत्या समालोचनात तिला जागा नव्हती, आणि सामन्याच्या मधोमध समालोचकाने परीक्षेचे गुण सांगावेत अशी आमची अपेक्षाही नाही. पण ‘आपली पोरं लहान आहेत, दमली आहेत’ असं जो माणूस इतक्या मायेने सांगतो, त्याच्या ‘आपली’ मध्ये त्या पोरांचं शिक्षण येत नव्हतं, ही त्या शब्दाची मर्यादा आहे. काळजी मैदानाच्या रेषेवर थांबायची. ‘राज्याचा आवाज’ असं मन्सन यांचं वर्णन केलं जातं. आम्हाला ते पटत नाही. ते राज्याच्या शनिवार दुपारचे आवाज होते. जॅन केंप यांचं म्हणणं ऐकायला वेगळा कान लागत होता.

अजून एक आक्षेप घेतला जातो, शब्दांच्या हिंसेचा. ऑक्टोबर २००१ मध्ये नॉक्सव्हिलला शेवटच्या काही सेकंदांत जॉर्जियाने टेनेसीला २६–२४ हरवलं. तेव्हा मन्सन म्हणाले की आपण त्यांच्या तोंडावर नाल-खिळ्यांचा बूट दिला आणि नाक मोडलं. वय ७९. नुसतं कागदावर वाचलं तर क्रूर वाटतं. पण ऐकताना कळतं, हा विजेत्याचा माज नाही. शेवटपर्यंत मार खाईन म्हणून धरून बसलेल्या माणसाची ती अचानक सुटका आहे. याउलट १९८२ मध्ये ऑबर्नला १९–१४ हरवून शुगर बोलचं तिकीट पक्कं झालं, तेव्हा त्यांना आभाळातून साखर पडताना दिसली. आमच्या मते साखरेची प्रतिमा जास्त चांगली, कारण ती त्या क्षणाशिवाय सुचूच शकली नसती. सामन्याचं नावच साखर.

२००७ पासून तब्येतीमुळे ते फक्त घरच्या मैदानावरचे सामने करू लागले. सप्टेंबर २००८ मध्ये, हंगाम सुरू असताना, थांबले. नोव्हेंबर २०११ मध्ये, ८९ व्या वर्षी गेले. त्यानंतर जॉर्जिया पुन्हा राष्ट्रीय अजिंक्यपदावर पोचली ती थेट २०२१ च्या हंगामात. म्हणजे चार दशकांहून जास्त काळात मन्सन यांच्या वाट्याला अजिंक्यपदाचा हंगाम आला तो एकच. बाकी सगळी वर्षं धाकधूक. त्यांची भीती खोटी नव्हती याचा हाही एक पुरावा.

मग निकाल काय? समालोचकाने तटस्थच असावं हा नियम आम्ही पूर्ण मान्य करत नाही. जो बाजू घेतो पण वाईट बातमी लपवत नाही, समोरच्याला लहान करत नाही, तो प्रामाणिक असू शकतो. मन्सन तसे होते, आणि त्या कसोटीवर ते मोठे समालोचक ठरतात. पण ‘आपण’ हा शब्द ऐकणाऱ्याने पारखूनच घ्यावा. तो इतका उबदार असतो की त्याच्या बाहेर कोण उभं आहे हे बघायचं भान राहत नाही. पुढच्या वेळी क्रिकेट बघताना, निवडणुकीचा निकाल ऐकताना कुणी ‘आपण जिंकलो’ म्हणालं, तर एवढंच करा. हरताना हा माणूस ‘आपण’च म्हणत होता का, की तेव्हा ‘ते’ हरले होते, हे आठवून बघा. मन्सन त्या परीक्षेत शंभर टक्के पास होतात. फार थोडे होतात.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊया.